समुद्राच्या वरच्या मीटरभर पाण्याचं तापमान आणि क्षारता: चालकरहित नौकेने मोजायची तर

पावसाळा सरला की बंगालच्या उपसागरात एक नदी वाहायला लागते. गंगा-ब्रह्मपुत्रा, महानदी आणि इतर नद्यांनी पावसाळाभर समुद्रात ओतलेलं गोडं पाणी भारताच्या पूर्व किनाऱ्याला बिलगून, साधारण १०० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातून दक्षिणेकडे निघतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने तिला ‘समुद्रातली नदी’ असंच म्हटलं. त्या निबंधामागचे नमुने गोळा केले होते किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी. होडी घ्यायची, ठरलेल्या जागी जायचं, बाटलीत पाणी भरायचं आणि बूच लावायचं.

हे काम आज चालकरहित नौकेला सांगता येतं. ती महिनोन्महिने समुद्रात राहते, पगार मागत नाही, उलट्या करत नाही. पण कोळ्याच्या बाटलीत एक गुण होता: ती कुठल्या खोलीवरून, किती वाजता भरली हे स्पष्ट होतं आणि आतलं पाणी पुन्हा तपासता येत होतं. नौकेवरच्या सेन्सरने पाठवलेला आकडा पुन्हा तपासता येत नाही. त्यावर विश्वास ठेवायचा तर त्याची तयारी नौका पाण्यात सोडण्याआधीपासून करावी लागते. हा लेख त्या तयारीबद्दल आहे. उदाहरण म्हणून एकच मोहीम डोळ्यांसमोर ठेवू: ऑक्टोबर-नोव्हेंबरात विशाखापट्टणमसमोर, किनाऱ्यापासून १५० किलोमीटरपर्यंत, या गोड्या पट्ट्याची कड शोधायची आहे.

पृष्ठभाग म्हणजे नेमकी कुठली खोली?

पहिला गोंधळ इथेच होतो. उपग्रहावरचं इन्फ्रारेड उपकरण समुद्राचे वरचे फक्त १० ते २० मायक्रॉन बघतं. सूक्ष्मलहरींचं उपकरण साधारण मिलिमीटरभर बघतं. क्षारता मोजणारे एसएमओएस आणि एसएमएपी हे उपग्रह वरच्या सेंटीमीटरभर पाण्यावर बोलतात. लाटांवर चालणाऱ्या नौकेचा सेन्सर वीतभर खाली असतो, शिडाच्या नौकेचा अर्ध्या मीटरच्या आसपास. जहाजाच्या बुडातून आत घेतलेलं पाणी तीन-पाच मीटरांवरचं. जगभरच्या समुद्रांत मोजमाप करणाऱ्या ‘आर्गो’ या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमातल्या बहुतेक तरंगत्या उपकरणांचा पाणी ओढणारा पंप वर येताना पाचेक मीटरांवरच बंद होतो, पृष्ठभागावरची घाण आत जाऊ नये म्हणून. हे सगळे आपापल्या आकड्याला ‘पृष्ठभागाचं तापमान’च म्हणतात.

वारा असला तर हा फरक फारसा छळत नाही. सेकंदाला ६ मीटरांपेक्षा जोरात वारा वाहत असेल तर वरचं पाणी ढवळलेलं असतं आणि समुद्राची अगदी वरची ‘त्वचा’ खालच्या पाण्यापेक्षा जेमतेम ०.१७ अंशांनी थंड असते. वारा पडला आणि दुपारचं ऊन लागलं की वरचं मीटरभर पाणी खालच्यापेक्षा दोन-तीन अंशांनीही तापू शकतं. क्षारतेला तेच काम पाऊस करतो. निवांत समुद्रावर एक सर पडली की गोड्या पाण्याचा पातळ थर काही तास वर तरंगत राहतो. सेन्सर अर्धा मीटर खाली असेल तर त्याला तो थर दिसतच नाही, आणि उपग्रहाला फक्त तोच दिसतो. मग दोघांचे आकडे जुळले नाहीत म्हणून सेन्सरला दोष देणारे लोक मी पाहिले आहेत.

म्हणून वहीत पहिली ओळ ही लिहा: कुठल्या खोलीवरचं, दिवसाच्या कुठल्या वेळचं पाणी हवंय आणि किती अचूक. आपल्या उदाहरणात गोड्या पट्ट्याच्या आत-बाहेर क्षारतेच्या आकड्यात दोन-तीनचा फरक सहज सापडतो. तिथे ०.०५ इतकी अचूकता भरपूर झाली. हवामानबदलाचा संथ कल शोधायचा असेल तर मात्र आर्गोचं उद्दिष्ट असलेल्या ०.०१ च्या आसपास जावं लागतं, आणि तेव्हा खर्च आणि कष्ट दोन्ही अनेक पटींनी वाढतात. आपल्याला काय हवंय हे न ठरवता सर्वांत महाग सेन्सर घेणं ही प्रकल्पांची आवडती चूक आहे.

वाहन निवडताना

तीन जाती आहेत.

लाटांवर चालणारी नौका, म्हणजे वेव्ह ग्लायडर. वर तीनेक मीटर लांबीची फळी, खाली चार ते आठ मीटरांच्या दोरीला लटकलेला पंखांचा सांगाडा. लाट फळीला उचलते, दोरी ताणली जाते, पंख तिरके होतात आणि सगळं पुढे सरकतं. इंधन नाही, सौर पत्रे फक्त उपकरणांपुरते. वेग साधारण एक ते दीड नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर). नोव्हेंबर २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेलं ‘पापा मॉ’ नावाचं वेव्ह ग्लायडर वर्षभराने, नोव्हेंबर २०१२ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागलं. फळीवर एक आणि खालच्या सांगाड्यावर एक असे दोन सेन्सर बसवले की दोन खोल्यांवरचं पाणी एकाच वेळी मिळतं. माझ्या मते हा या वाहनाचा सर्वांत मोठा फायदा आहे.

शिडाची नौका, म्हणजे सेलड्रोन आणि तिच्यासारख्या. सात मीटरांची होडी, वर उभा ताठ पंख. वेग दोन-तीन नॉट, वारा चांगला असेल तर जास्त. ३० सप्टेंबर २०२१ रोजी अशीच एक नौका अटलांटिकमधल्या ‘सॅम’ चक्रीवादळात शिरली आणि १५ मीटरांच्या लाटांमधूनही माहिती पाठवत राहिली. वारा पडला की मात्र ती जागीच डुलत बसते, आणि नेमकं तेव्हाच वरच्या थराचं तापणं मोजण्यासारखं असतं.

तिसरं, पाण्यातलं ग्लायडर. ते वजन न बदलता आकारमान बदलून करवतीच्या दात्यांसारखं वर-खाली जातं, बहुधा १,००० मीटरांपर्यंत. आडवा वेग सेकंदाला पाव मीटर, म्हणजे दिवसाला वीस-बावीस किलोमीटर. २०१६ च्या जून-जुलैमध्ये ‘बॉबल’ मोहिमेत ‘सिंधु साधना’ या जहाजावरून अशी पाच ग्लायडर बंगालच्या उपसागरात ८ अंश उत्तर अक्षांशावर सोडली होती, आणि अरबी समुद्रातलं जास्त खारं पाणी मोसमी प्रवाहाबरोबर उपसागरात खोलवर शिरताना त्यांनी टिपलं. ‘सिंधु साधना’ गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं जहाज. याच संस्थेने ‘माया’ नावाचं पाण्याखालचं स्वयंचलित वाहनही घडवलं होतं. खोलीचा प्रश्न असेल तर ग्लायडरच घ्या. फक्त पृष्ठभाग हवा असेल तर नको, कारण वरच्या मीटरभर पाण्यातच त्याचं मोजमाप सगळ्यात कच्चं असतं.

वाहनाचा वेग तिथल्या प्रवाहाच्या वेगाशी ताडून बघा. पूर्व किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यानंतर दक्षिणेकडे सेकंदाला एक मीटरही गाठतो, म्हणजे जवळजवळ दोन नॉट. दीड नॉटची नौका त्याच्या विरुद्ध गेली तर नकाशावर मागे जाताना दिसेल. आपल्या उदाहरणासाठी मी वेव्ह ग्लायडरच घेईन, पण मार्ग प्रवाहाला आडवा ठेवीन आणि नौका दक्षिणेला वाहत जाणार हे गृहीत धरूनच उत्तरेकडून सोडेन.

क्षारता मोजली जात नाही, काढली जाते

हा भाग सावकाश वाचा, कारण बहुतेक चुका इथल्याच असतात.

कुठलंही सेन्सर थेट मीठ मोजत नाही. ते पाण्याची वाहकता (वीज वाहून नेण्याची क्षमता), तापमान आणि दाब मोजतं आणि त्या तिघांतून क्षारता गणिताने काढली जाते. १९७८ च्या व्यावहारिक क्षारता मापनपद्धतीत क्षारतेला एकक नाही. २०१० पासून लागू झालेल्या टिऑस-१० पद्धतीत निरपेक्ष क्षारता किलोला ग्रॅममध्ये सांगतात. साठवताना व्यावहारिक क्षारताच साठवायची आणि निरपेक्ष क्षारता गणितात गरजेनुसार काढायची, असा शिरस्ता आहे. एकाच रकान्यात दोन्ही मिसळलेली फाइल हातात आली तर ती सरळ परत पाठवा.

गणिताची खात्री करायला एक आकडा पाठ ठेवा. वाहकता ४२.९१४ मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर, तापमान १५ अंश, दाब शून्य, तर व्यावहारिक क्षारता बरोबर ३५. पायथन या संगणकभाषेतल्या जीएसडब्ल्यू या समुद्रजलाच्या तयार गणितांच्या संचात हे टाकून बघा. उत्तर तीनच्या आसपास आलं तर तुमचं उपकरण सीमेन्स प्रति मीटर देतंय आणि तुम्ही दहाने गुणायला विसरलात. हसू नका, ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते.

आता खरी अडचण. २८ अंशांच्या पाण्यात तापमान एक अंशाने बदललं तर वाहकता साधारण १.०६ मिलिसीमेन्सने बदलते, आणि क्षारता एकने बदलली तर साधारण १.४ ने. म्हणजे वाहकतेतला बहुतांश चढउतार मिठाचा नसून तापमानाचा असू शकतो. गणिताला तापमान ०.१ अंशाने चुकीचं दिलं तर क्षारता सुमारे ०.०७ ने चुकते. आणि ही चूक व्हायला थर्मामीटर बिघडावं लागत नाही. थर्मामीटरने या क्षणाचं पाणी मोजलं आणि वाहकता मोजणाऱ्या काचेच्या नळीत अर्ध्या सेकंदापूर्वीचं पाणी असलं, तरी पुरतं. थंड-गरम पाण्याची सीमा ओलांडताना क्षारतेच्या आलेखावर जे टोकदार काटे उभे राहतात ते बहुधा यातूनच येतात. दोन प्रवाह भेटले असा अर्थ काढायची घाई करू नका.

नळीची काचही स्वतःची उष्णता धरून ठेवते. गरम पाण्यातून थंड पाण्यात गेल्यावर काच आतल्या पाण्याला थोडा वेळ ऊब देत राहते. ग्लायडरमध्ये ही दुरुस्ती अनिवार्य आहे, कारण ते सतत थरांतून वर-खाली करतं. पृष्ठभागावरच्या नौकेला ती कमी जाचते, पण गोड्या पट्ट्याची कड ओलांडताना आणि जोराची सर आल्यावर तिथेही दिसते.

सेन्सर कुठे आणि कसा बसवायचा

बाजारात मुख्यतः दोन प्रकार आहेत. एकात काचेच्या नळीतून पंपाने पाणी ओढतात. प्रवाह ठरावीक असल्यामुळे तापमान आणि वाहकतेचा मेळ घालणं सोपं जातं. पण पंप वीज खातो, आणि नळी लाटेमुळे पाण्याबाहेर आली की हवा ओढतो. दुसरा प्रकार विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर चालतो. नळी नाही, पंप नाही, आवाज नाही. मात्र त्याचं विद्युतक्षेत्र उपकरणाच्या बाहेर पसरलेलं असतं, त्यामुळे शेजारी धातूची पट्टी किंवा जाड प्लास्टिक आलं तरी वाचन बदलतं. चहूबाजूंनी वीतभर जागा मोकळी सोडा आणि नौकेवर बसवल्यानंतरच अंशांकन (माहीत असलेल्या मूल्याशी वाचनाची जुळवणी) तपासा. टेबलावर केलेलं अंशांकन इथे पुरत नाही.

बुडबुडे हा पृष्ठभागावरच्या मोजमापाचा कायमचा शत्रू. हवा वीज वाहून नेत नाही, म्हणून बुडबुडा शिरला की वाहकता, आणि तिच्यामागोमाग क्षारता, अचानक खाली कोसळते. चूक नेहमी एकाच दिशेने होत असल्यामुळे सरासरी काढून ती जात नाही, उलट सरासरीच खाली ओढली जाते. अशा ठिकाणी मध्यक घ्या. पाणी आत येण्याचं तोंड नौकेच्या पुढच्या बाजूला, लाटा फुटतात त्या रेषेच्या खाली आणि थोडं खालच्या दिशेला तोंड करून ठेवा, म्हणजे हवा वर निघून जाईल.

आणि ऊन. आमच्या एका खाडीतल्या चाचणीत थर्मामीटर सौर पत्र्याखाली, नौकेच्या मागच्या बाजूला लावला होता. दुपारी तापमान चढत गेलं. वारा नव्हता, त्यामुळे दिवसाचा तापलेला थर सापडला म्हणून सगळे खूश. नौका वळवून उलट्या दिशेने नेली तरी तो ‘थर’ नौकेबरोबरच फिरत होता, तेव्हा कळलं की आम्ही आमच्याच नौकेची पाठ मोजत होतो. तेव्हापासून माझा नियम: थर्मामीटर पुढे, नौकेच्या अंगापासून दूर, सावलीत. आणि शक्य असेल तर दुसरा थर्मामीटर खोलवर.

बालदीतली चाचणी

कारखान्याचं अंशांकन प्रमाणपत्र वर्षाच्या आतलं असावं. त्यावर विसंबून मात्र राहू नका, प्रवासातल्या धक्क्यांनी उपकरणं सरकतात.

एक मोठी, झाकण असलेली प्लास्टिकची टाकी घ्या. गाळलेलं समुद्राचं पाणी भरा आणि छोट्या पंपाने सतत ढवळत ठेवा. टाकी उन्हात नको आणि पंख्याखालीही नको. सगळे सेन्सर एकाच खोलीवर, एकमेकांना न चिकटता सोडा. रात्रभर चालू ठेवा आणि पहाटेचे दोन तास, तापमान स्थिर असतानाचे, तुलनेला घ्या. दोन सेन्सरांत तापमानाचा फरक ०.०१ अंशाहून जास्त दिसला तर मोहीम पुढे ढकला आणि कारण शोधा.

टाकीतलं पाणी बाटलीत घेऊन प्रयोगशाळेतल्या सॅलिनोमीटरवरही, म्हणजे क्षारता मोजायच्या यंत्रावरही, तपासून घ्या. नमुना घेण्याची पद्धत साधी आहे, पण तिच्यात काटछाट चालत नाही. काचेची बाटली घ्या, त्याच पाण्याने तीनदा विसळा, मानेपर्यंत भरा पण काठोकाठ नको, मान पुसून कोरडी करा आणि घट्ट बूच लावा. बूच सैल राहिलं तर पाणी उडून जातं आणि क्षारता खोटी वाढते. मानेवर जुन्या मिठाचा कण चिकटलेला असला तरी तेच. सॅलिनोमीटर प्रमाणित समुद्रजलाच्या बंद बाटलीवर जुळवूनच नमुने लावायचे. नमुने दोन-दोन घ्या. दोघांत तफावत आली तर दोघांवरही विश्वास ठेवू नका.

घड्याळाची परीक्षाही इथेच उरका. उपकरणाची वेळ जागतिक प्रमाणवेळेवर ठेवा, भारतीय वेळेवर नको. साडेपाच तासांची गफलत तापमानाच्या आलेखावर लगेच ओळखू येते, कारण समुद्र मध्यरात्री तापताना दिसतो. क्षारतेत मात्र ती सहज लपून राहते.

किती वेळाने मोजायचं

दीड नॉटची नौका मिनिटाला साधारण ४६ मीटर जाते. दर दहा मिनिटांनी एक नोंद घेतली तर दोन नोंदींत साडेचारशे मीटरांचं अंतर पडतं, आणि गोड्या पट्ट्याची कड पकडायला तेवढं चालतं. प्रत्येक नोंदीसाठी पंप अर्धा मिनिट आधी चालू करा म्हणजे नळीतलं शिळं पाणी निघून जाईल, मग मिनिटभर सेकंदागणिक वाचा. त्यातला मध्यक, विखुरण (वाचनं एकमेकांपासून किती पसरली ते) आणि वाचनांची संख्या अशा तिन्ही गोष्टी साठवा. विखुरण वाढलं की बुडबुड्यांचा संशय घ्यायचा.

कच्ची सेकंदागणिकची वाचनं नौकेवरच्या कार्डात राहू द्या. उपग्रहावरून सगळं पाठवायला जाऊ नका. इरिडियम या उपग्रह-संदेश सेवेच्या छोट्या संदेशात ३४० बाइट बसतात. वेळ, स्थान, तापमान, वाहकता आणि विखुरण नीट गुंडाळलं तर एक नोंद १८ बाइटांत मावते, म्हणजे एका संदेशात तीन तासांचं काम. आणि क्षारता पाठवू नका, वाहकता पाठवा. क्षारता किनाऱ्यावर पुन्हा काढता येते, पण क्षारतेवरून हरवलेली वाहकता शोधत बसणं म्हणजे उसाच्या चिपाडातून रस काढणं.

मार्ग आखताना किनाऱ्याला काटकोनात जाणारी एक रेषा धरा आणि तिच्यावरून पुन्हा पुन्हा जा. नवीन जागा बघण्याचा मोह होतोच. पण प्रवाह, भरती-ओहोटी आणि दिवस-रात्र हे सगळं एकाच वेळी बदलत असताना, एकच रेषा पाच वेळा मोजली तर काय बदललं ते कळतं. पाच वेगळ्या रेषांतून ते कळत नाही. वाटेत तळाशी बांधलेला संशोधन बॉया (उपकरणं लावलेला तरंगता गोळा) असेल तर त्याच्याभोवती दोनेक किलोमीटर अंतरावरून एक दिवस घिरट्या घाला, ती तुलना पुढे सोन्याच्या मोलाची ठरते.

परवानग्या आणि जाळी

किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचं विशेष आर्थिक क्षेत्र भारतात १९७६ च्या कायद्याने ठरलेलं आहे. परदेशी संस्था सहभागी असेल तर आंतरराष्ट्रीय समुद्र कायद्यानुसार किमान सहा महिने आधी अर्ज करावा लागतो. इरिडियमची उपकरणं भारतात विनापरवाना वापरता येत नाहीत, ती परवानगी वेगळी. नौदल आणि तटरक्षक दलाला कळवा. आपला समुद्र ज्यात येतो त्या नावएरिया आठ या सागरी इशारा-विभागाचे नाविक इशारे डेहराडूनहून निघतात, त्यात तुमच्या नौकेची नोंद व्हायला हवी. नौकेवर दिवा, रडार परावर्तक आणि स्वयंचलित ओळख यंत्रणा लावा.

कागद पूर्ण झाले तरी खरा धोका जाळ्यांचा असतो. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून यांत्रिक मासेमारीला बंदी असते. चाचणीची फेरी या काळात उरकून घ्या, समुद्रही तुलनेने शांत असतो. पश्चिम किनाऱ्यावर ती बंदी १ जून ते ३१ जुलै असते. तेव्हा ट्रॉलर बंदरात असतात, पण अरबी समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे कोकणासमोर छोटी नौका सोडायला तो मुहूर्त नाही. आपली मुख्य मोहीम ऑक्टोबर-नोव्हेंबरात आहे, म्हणजे मासेमारी भरात आणि चक्रीवादळांचाही मोसम. सोडण्याआधी दोन दिवस काढून जेटीवर जा. मच्छीमार सोसायटीत नौकेचा फोटो लावा, तेलुगूत दोन ओळी आणि एक फोन नंबर द्या. पाण्यात तरंगणाऱ्या अनोळखी पिवळ्या वस्तूला कुणी दोरी बांधली तर बहुधा त्याला ती कुणाची आहे हेच माहीत नसतं.

सोडताना आणि नंतर

नौका पाण्यात उतरली की सोबतच्या होडीतून लगेच बाटल्या भरा. सेन्सरच्याच खोलीवरून, नौकेपासून पन्नासेक मीटर अंतरावर, होडीचं इंजिन बंद करून. किमान तीन बाटल्या, दहा दहा मिनिटांच्या अंतराने. शक्य असेल तर हातातलं उपकरण दोरीने दहा मीटरांपर्यंत सोडून वरपासून खालपर्यंतचं चित्रही घ्या. त्यातून त्या दिवशी वरचा थर ढवळलेला होता की नाही हे कळतं, आणि तुलना कितपत पक्की धरायची हेही.

नंतरची राखण किनाऱ्यावर बसून करायची. मी रोज तीन आलेख बघतो. पहिला तापमानाचा, दिवसाची चढ-उतार दिसते का ते बघायला. ती पूर्ण सपाट झाली तर सेन्सर अडकलाय. दुसरा दोन खोल्यांवरच्या क्षारतेतल्या फरकाचा, फक्त पहाटेच्या नोंदींचा. पहाटे रात्रभराच्या गारव्याने वरचं पाणी बऱ्यापैकी एकजीव झालेलं असतं, म्हणून सेन्सरमधला बिघाड तेव्हाच उघडा पडतो. दुपारी दिसलेला फरक समुद्राचा असू शकतो. पहाटे, जोरदार वाऱ्यातही टिकणारा आणि दर आठवड्याला वाढत जाणारा फरक बहुधा सेन्सरचाच. एक सावधगिरी मात्र हवी: गोड्या पट्ट्याच्या आत वरचं आणि सहा मीटरांवरचं पाणी पहाटेही वेगळं असू शकतं, म्हणून ही परीक्षा पट्ट्याबाहेरच्या दिवशी घ्या. तिसरा आलेख बॅटरीचा. ढगाळ हवामान लागलं की तोच आधी बघायचा.

वाढत जाणाऱ्या फरकामागे बहुतेक वेळा सजीव असतात. उष्ण समुद्रात काही आठवड्यांत शेवाळाचा बुळबुळीत थर बसतो, मग होडीच्या बुडाला चिकटतात तसे कठीण कवचाचे बार्नॅकल येतात. गणित करून बघा. चार मिलिमीटर व्यासाच्या नळीत फक्त १० मायक्रॉनचा, वीज न वाहणारा थर बसला तर नळीचं क्षेत्रफळ एक टक्का कमी होतं, आणि क्षारता जवळजवळ ०.४ ने कमी दिसते. आपली ०.०५ ची अचूकता तिथेच बुडाली. म्हणून नळीच्या तोंडाशी विषारी प्रतिबंधक गुटी बसवतात (हातमोजे घाला, ती तुमच्यासाठीही विषारीच आहे), बाहेर तांब्याची जाळी लावतात आणि मोजत नसताना नळीत प्रकाश जाऊ देत नाहीत.

नौका परत आली की धुऊ नका

हे वाक्य मी जेटीवरच्या प्रत्येक मदतनिसाला आधीच सांगून ठेवतो, तरी कुणीतरी प्रेमाने पाण्याचा पाइप घेऊन येतोच. सेन्सरवरचा चिखल आणि शेवाळ हा पुरावा आहे. आधी फोटो काढा. मग नौका पाण्यात असतानाच बाटल्या भरा. मग सेन्सर आहे तसा त्याच टाकीत, त्याच पद्धतीने तपासा. त्यानंतरच साफ करा आणि पुन्हा तपासा. साफ करण्याआधीच्या आणि नंतरच्या वाचनातला फरक म्हणजे शेवाळाचा हिस्सा. साफ केल्यावरही उरलेला फरक म्हणजे सेन्सरचं स्वतःचं सरकणं. हे दोन वेगळे ठेवले तरच दुरुस्ती नीट करता येते, कारण सेन्सर साधारण सरळ रेषेत सरकतो, शेवाळ मात्र सुरुवातीला काही नाही आणि मग एकदम, अशा चालीने चढतं.

आकडे निवडताना

आधी यंत्राच्या चाळण्या लावा. अशक्य मूल्यं, त्या भागातल्या त्या महिन्याच्या नेहमीच्या मर्यादा, अचानक उडी, बदलाचा वेग, सपाट रेषा, आणि स्थान जमिनीवर तर नाही ना. नोंद पुसू नका, तिच्यापुढे खूण करा. क्यूआरटीओडी या समुद्री नोंदींची प्रत तपासायच्या पद्धतीत १ म्हणजे चांगली, ३ म्हणजे संशयास्पद, ४ म्हणजे वाईट आणि ९ म्हणजे नोंदच नाही. आर्गोच्या खुणांत ३ चा अर्थ थोडा वेगळा आहे, म्हणून फाइलमध्ये कुठली पद्धत वापरली ते लिहा.

मर्यादांची चाळणी लावताना थांबून विचार करा. अरबी समुद्रासाठी ३० पेक्षा कमी क्षारता दिसली तर नोंद बाजूला काढणं ठीक. उत्तर बंगालच्या उपसागरात तेवढी क्षारता पावसाळ्यानंतर नेहमीची असते. तयार चाळणी आंधळेपणाने लावली तर ज्या नदीसाठी मोहीम काढली तीच ‘वाईट नोंद’ म्हणून गळून जाईल.

मग क्रम असा: वाहकता आणि तापमानाच्या घड्याळांतला विलंब जुळवा, बुडबुड्यांच्या नोंदींना खूण करा, सोडतानाच्या आणि परतल्यावरच्या बाटल्यांवरून वाहकतेची दुरुस्ती करा (क्षारतेची नाही), आणि सगळ्यात शेवटी क्षारता काढा. तापमानाची उपग्रहाशी तुलना करायची असेल तर पहाटेच्या, सूर्योदयाआधीच्या नोंदी घ्या. क्षारतेची तुलना करताना लक्षात ठेवा की उपग्रहाचा एक ठिपका साधारण चाळीस किलोमीटरांचा असतो आणि किनाऱ्याजवळ जमिनीचा संकेत त्यात मिसळतो. त्या ठिपक्यात तुमच्या नौकेच्या एका नोंदीला अर्थ नाही, ठिपक्यातून जाणाऱ्या सगळ्या नोंदींची सरासरी काढा.

शेवटची फाइल नेटसीडीएफ या वैज्ञानिक माहितीच्या फाइलप्रकारात, ठरलेल्या प्रमाण नावांसह बनवा. सेन्सरचा प्रकार आणि अनुक्रमांक, अंशांकनाची तारीख, कच्ची वाहकता, दुरुस्त वाहकता आणि बाटल्यांचे आकडे, सगळं त्याच फाइलमध्ये. खोलीचा रकाना तर विसरूच नका, तो प्रत्येक नोंदीसोबत हवा. नौका भरलेली असताना आणि बॅटऱ्या काढल्यावर पाण्यात किती बुडते हे टेपने मोजून घ्या, कारण ‘साधारण अर्धा मीटर’ असं लिहिलेली फाइल दहा वर्षांनी कुणी उघडेल तेव्हा त्याला विचारायला तुम्ही जागेवर असालच असं नाही.